ईशान्य कोपऱ्यातली आव्वा

नोटिशीला जोडलेल्या अर्जाच्या शेवटी सही होती ती घरच्या सुनेची. अर्जदार शांभवी सहकारी गृहनिर्माण संस्था, लातूर, तर्फे सचिव सौ. ऋतुजा रविकांत हालकुडे. सामनेवाला क्रमांक एक बिल्डर होता, तो केव्हाच वारला होता. त्याच्याखाली जमीनमालक म्हणून तिघांची नावं होती. तिचे सासरे शिवलिंगअण्णा, आतेसासू महानंदा आणि चुलत सासरे मन्मथ.

नांदेडला ही नोटीस हातात पडली तेव्हा महानंदाला त्यातलं फारसं कळलं नाही. सुनेची सही मात्र कळली. तिनं कागद देवघरात इष्टलिंगाच्या करंड्यामागं ठेवून दिला, जणू तिथं ठेवल्यानं तो जरा शांत होईल. मग उदगीरहून मन्मथचा फोन आला.

"अक्का, सुनावणीच्या आदल्या दिवशी लातूरला ये. वकिलाकडून हरकत लिहून घेतलीय. तिघांच्या सह्या लागतात."

"आणि अण्णा काय म्हणतात?"

"अण्णा काय म्हणणार? अण्णा गप हायेत."

ती आली तेव्हा दुपार कलत होती. फाटकाशी ऋतुजाच उभी होती. तिनं वाकून पाया पडून पिशवी घेतली. महानंदानं तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण हात नेहमीसारखा रेंगाळला नाही. दोघींनाही ते जाणवलं असावं.

"आत्याबाई, आधी वर येता की..."

"आधी आव्वाकडं जाते."

इमारतीच्या मागं, ईशान्येच्या कोपऱ्यात, भिंतीलगत एक बुटका दगडी चौथरा होता. त्यावर हातभर उंचीचं लिंग, विभूतीनं पांढरं झालेलं. हे सगळं कधीकाळी शेत होतं, गावाबाहेरचं. दुष्काळाच्या साली महानंदाची आई पार्वतम्मा गेली तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला स्वतःच्याच रानात बसवलं होतं. पद्मासनात, हातात इष्टलिंग देऊन. घरात कुणीच 'पुरलं' म्हणत नसे. 'आव्वा तिथं बसलीय' असंच म्हणत. मग लातूर वाढत वाढत रानापर्यंत आलं आणि रानाचा प्लॉट झाला. भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी सिद्रामअप्पांनी, म्हणजे या तिघांच्या वडलांनी, प्लॉट बिल्डरला दिला. त्यावर चार मजले उभे राहिले. पण चौथऱ्याला कुणी हात लावला नाही. त्याच्या अंगावर कुणी कधी स्कूटर टेकवली नाही.

महानंदानं चौथऱ्यावर बेल वाहिला. उठताना तिचं लक्ष पार्किंगकडं गेलं. तीन खांबांना लोखंडी टेकू लावले होते. एका खांबाचं सिमेंट गळून पडलं होतं आणि आतली सळई गंजून फुगलेली दिसत होती.

"हे केव्हा झालं गं?"

"पावसाळ्यात," मागून आवाज आला. पहिल्या मजल्यावरच्या सुकन्याताई गायकवाड होत्या, संस्थेच्या अध्यक्ष. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या. "इंजिनिअर येऊन गेला. म्हणाला, डागडुजी करून दोन-चार वर्षं निघतील, पुढं मी सही करणार नाही. महानंदाबाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी हाय. तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना टेकू लावलेत, खांबांसारखे." सुकन्याताई हसल्या, पण लगेच थांबल्या. त्या किल्लारीकडच्या. भूकंपात त्यांच्या माहेरची आळीच्या आळी गेली होती. नंतर इथं घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना स्लॅबखाली झोपायची भीती वाटत होती. लातुरात तेव्हा सगळ्यांनाच वाटत होती. वरचे मजले कुणी घेईना. मग सिद्रामअप्पांनी काय केलं, तर सगळ्यात वरचा, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वतःसाठी घेतला आणि लोकांना सांगितलं, "मी वर राहातो, तुमी खाली राहा. पडलं तर आधी मी पडंन." त्या एका वाक्यावर बाकीची पंधरा कुटुंबं राहायला आली. सुकन्याताई त्यातल्या पहिल्या.

"तुमच्या वडलांच्या शब्दावर आम्ही आलो," सुकन्याताई म्हणाल्या. "म्हणून हे असं कागदानं तुमच्यासमोर उभं राहायला बरं वाटत नाही. पण दुसरा रस्ता ठेवला नाही कुणी."

महानंदानं बोटाला लागलेली विभूती कपाळाला लावली. तिला वाटलं, हीच गोष्ट सुकन्याताईंनी रागावून सांगितली असती तर उत्तर देता आलं असतं.

*

जेवणं झाल्यावर मन्मथनं पिशवीतून टाइप केलेले कागद काढले आणि टीपॉयवर ठेवले. वर पाण्याचा तांब्या ठेवला, पंख्यानं उडू नयेत म्हणून. रविकांत, शिवलिंगअण्णांचा मुलगा, बाप आणि बायको यांच्यामध्ये खुर्ची ओढून बसला होता. तिथं बसण्यापलीकडं या प्रकरणात त्याला काही करता येत नव्हतं.

"सचिवसाहेब," मन्मथ स्वयंपाकघराकडं बघून म्हणाला, "या की बाहेर. सामनेवाले जमलेत."

"काका, तुम्ही मला ऋतुजाच म्हणा," ती हात पुसत दारात आली.

"कसं म्हणू? नोटिशीत लिवलंय ना सचिव मनून. सासऱ्याला नोटीस काढणारी सून मी आजवर पाह्यली नव्हती बाई. उदगिरात लोक विचारून राहिले, तुमच्या घरात काय चालूय."

"नोटीस मी नाही काढली, कार्यालयानं काढली. मी अर्ज केला."

"तेच की!"

"मन्मथ," शिवलिंगअण्णा म्हणाले. एवढंच. मन्मथ पाणी प्याला.

ऋतुजाला माहीत होतं, या घरात तिला भांडून जिंकायचं नव्हतं. जिंकली असती तरी उद्या याच लोकांना ताट वाढायचं होतं. गेले तीन महिने ती दुपारच्या वेळी कायदा वाचत होती. आधी उपविधी, मग सहकार कायदा, मग मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीचा कायदा. कलमं पाठ झाली होती, पण ती सासऱ्यांसमोर म्हणताना जीभ जड होत होती.

"मामा, मी एकदा नीट सांगू का?"

शिवलिंगअण्णांनी मान हलवली.

"घरं सगळ्यांची आपापली आहेत. त्यांची खरेदीखतं झालीत. पण खालची जमीन अजून तुमच्या तिघांच्या नावावर आहे. संस्था नोंदली की चार महिन्यांत बिल्डरनं आणि जमीनमालकानं जमीन संस्थेच्या नावावर करून द्यायची असते. ते झालं नाही. थोरल्या अप्पांनी केलं नाही, बिल्डर वारला, पुढं तुम्हीही केलं नाही. आता इमारत पाडून नवी बांधायची तर महापालिका विचारते, जमीन कुणाची. आम्ही काय सांगायचं? अशा वेळी कायद्यानं सोय केलीय. मालक देत नसेल तर जिल्हा उपनिबंधक त्याच्या वतीनं देतात. मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. म्हणजे तुम्ही दिलं, असं मानायचं."

"वा!" मन्मथ म्हणाला. "आमी दिलं न्हाई, पन दिलं असं मानायचं. लई बेस. अण्णा, आज मी जेवलो, पन जेवलो न्हाई असं माना. वहिनी असत्या तर आनखी एक भाकर मिळाली असती."

रविकांत हसला आणि बायकोकडं बघून गप्प झाला.

"आन आव्वाचं काय?" महानंदानं विचारलं.

खोलीतलं सगळं बोलणं इतका वेळ याच प्रश्नाला वळसा घालत होतं. ऋतुजा खाली बसली, महानंदाच्या पुढ्यात, जमिनीवर.

"आत्याबाई, नकाशात तिथं 'मोकळी जागा' लिहिलंय. करारात समाधीचा उल्लेखच नाही. कुठंच नाही. त्यामुळं कायद्याच्या दृष्टीनं तो कोपरा बाकीच्या जमिनीसारखाच संस्थेकडं जाणार."

उल्लेख का नव्हता ते तिघांनाही ठाऊक होतं. बिल्डरच्या माणसानं नकाशा काढताना चौथऱ्याकडं बोट दाखवून विचारलं होतं, इथं काय लिहू. सिद्रामअप्पा म्हणाले होते, मोकळी जागा लिवा. करार वाचून दाखवताना वकिलानं पुन्हा विचारलं, तेव्हा ते चिडले होते. ज्या कागदावर भाव लिवतात त्या कागदावर माझ्या बायकोचं नाव येनार न्हाई. समाधी का विकायची वस्तू हाय? लिवलं म्हंजे विकलं. त्या वेळी शिवलिंगअण्णा शेजारी उभे होते आणि त्यांनाही ते पटलं होतं. रानात माणूस बसवलेल्या सगळ्याच घरांत असं मानत. खरेदीखतात विहीर लिहायची, आंब्याची झाडं लिहायची, समाधी लिहायची नाही. ती न लिहिताच राखायची असते. खेड्यात ते चालत होतं, कारण घेणारा आणि देणारा दोघंही त्या रानाला ओळखत होते.

"मग आता लिवा की," महानंदा म्हणाली. "संस्थेनं ठराव करावा. आव्वाची जागा सोडून बाकी घ्यावी."

"ठराव होईल, आत्याबाई. सुकन्याताई उद्या सभा बोलावतील. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आजचा ठराव उद्याची सभा बदलू शकते. आणि..." ती थांबली. "आणि नव्या इमारतीला आगीच्या बंबासाठी रस्ता सोडावा लागतो. तो त्याच कोपऱ्यातून जातो. दुसरीकडून बसत नाही. मी आर्किटेक्टला तीनदा काढायला लावलं."

"म्हणजे आव्वावरून बंब जाणार," मन्मथ म्हणाला.

ऋतुजानं मान हलवली, हो म्हणून.

"हे बघा," मन्मथनं तांब्या उचलून कागद पुढं केले. "यात लिवलंय, जमिनीच्या मालकीबद्दल वाद हाय, समाधीची जागा कधीच दिली न्हाई, सबब अर्ज फेटाळावा. अण्णा, इथं. अक्का, तुझी इथं. माझी मी केलीय."

"याचा उपयोग होईल का?" रविकांतनं बायकोला हळूच विचारलं.

"फेटाळला जाणार नाही," ऋतुजा म्हणाली. "पण त्यावरून दिवाणी न्यायालयात जाता येईल. मनाईहुकूम मिळाला तर आठ-दहा वर्षं जातील."

"जाऊंद्या की!"

"काका, खांब आठ-दहा वर्षं थांबणार नाहीत."

"तू संस्थेकडून बोलून राहिली."

"मी या घरात राहते, काका. तुम्ही उदगीरला राहता."

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलता बोलताच वाटलं. मन्मथचा चेहरा लाल झाला.

"आस्सं! मला जागेचा हिस्सा पायजे मनून मी आलो, न्हाई का? तुमच्या संस्थेत हेच बोलून राहिले आसतील. सुकन्याबाई, ते खालचे शेषेराव. मन्मथ हालकुडेला नव्या बिल्डिंगीत दोन फ्लॅट टाका तोंडात, गप बसंल."

शेषेराव खरोखर हेच म्हणाले होते, मागच्या सभेत. ऋतुजानं नजर खाली केली.

"मन्मथ, तसं कुनी..." महानंदा म्हणाली.

"अक्का, तू बोलू नको. तुला ती आठवते. अण्णाला आठवते. तुमी दोघं बोलता ना, आव्वा अशी भाकर थापायची, आव्वाचा आवाज घोगरा होता, आव्वा कानडीत शिव्या द्यायची. मी ऐकत बसतो. मला काय आठवतं? मी जन्मलो आन ती गेली. एक फोटो न्हाई तिचा. मला बाकी काही न्हाई, फक्त तो चौथरा हाय. लहानपणी पोरं विचारायची, तुझी आई कुठाय, तर मी रानात बोट दाखवायचो. आजबी बोट तिकडंच जातं. तिथून बंब गेल्यावर मी कुठं बोट दाखवू, सांगा ना."

तो उठला आणि चपला न घालताच खाली गेला.

शिवलिंगअण्णांनी टीपॉयवरचे कागद वाचायला घेतले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना धाकट्या भावाविषयी इतकी वर्षं जे वाटत होतं, की हा हट्टी आहे, व्यवहारी आहे, उदगीरच्या खतांच्या दुकानात बसून माणूस असाच होतो, ते सगळं चुकीचं होतं की काय, असा विचार त्यांच्या मनात आला. पण तो पूर्ण करायचं धाडस त्यांना झालं नाही.

*

मन्मथ चौथऱ्याच्या कडेला, जमिनीवर बसला होता. संध्याकाळ झाली होती आणि वरच्या गॅलऱ्यांमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. ऋतुजा त्याच्या चपला घेऊन खाली आली. त्या तिनं त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवल्या.

"फरशी तापलेली असते इथली," ती म्हणाली.

"आता थंड झाली."

ती उभीच राहिली. तो म्हणाला, "तू कामून सही केलीस? सचिवपद दुसऱ्या कुनाला द्यायचं. सून हायेस, नको म्हनली आसतीस तर लोकांनी ऐकलं आसतं."

"ऐकलं असतं."

"मग?"

"काका, तिसऱ्या मजल्यावरचे बजरंग पांचाळ तयार होते सचिव व्हायला. चांगला माणूस आहे. त्यांनी अर्ज केला असता आणि त्या अर्जात मोकळी जागा म्हणजे मोकळी जागाच राहिली असती. ते गेल्या वर्षी राहायला आलेत. इथं कोण बसलंय हे त्यांनी मला विचारलं होतं, नाग आहे का म्हणून."

मन्मथला हसू आलं, नको असताना.

"अर्ज तर व्हायचाच होता," ती म्हणाली. "सोळा घरं आहेत. मला वाटलं, ज्याला आव्वा माहीत आहे त्याच्या हातून व्हावा. चुकलं असेल माझं. मामांनी अजून एक शब्दानं विचारलेलं नाही. मी रोज वाट बघते, विचारतील म्हणून."

"अण्णा विचारत नसतोय. लहानपनापासून तसाच हाय. मी सायकल मोडली तर नवीन आनून ठेवायचा, विचारायचा न्हाई."

"त्यानं जास्त भीती वाटते."

"मला सांगतीस?" मन्मथ म्हणाला. त्याच्या आवाजातला करडेपणा गेला होता, पण निश्चय गेला नव्हता. "हे बघ ऋतुजा. तुझ्यावर राग न्हाई माझा. पन उद्या मी हरकत देनार. एकट्याची सही आसली तरी देनार."

"द्या काका. तुमचा हक्क आहे."

"आडवनार न्हाईस?"

"संस्थेचे वकील अडवतील. ते त्यांचं काम."

तो चपला घालून उठला. जाताना त्यानं चौथऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि ऋतुजाकडं पाहिलं. तिनंही वाकून तसंच केलं.

*

सुनावणीच्या खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. दुसऱ्या कुठल्याशा संस्थेची माणसं भिंतीला टेकून आपल्या पुकाऱ्याची वाट बघत होती. शांभवीतर्फे सुकन्याताई, ऋतुजा आणि वकील डाव्या बाजूला. उजव्या बाजूला शिवलिंगअण्णा, महानंदा आणि मन्मथ. मन्मथच्या हातात हरकतीचे कागद होते. त्याच्या सहीखाली दोन जागा कोऱ्याच होत्या. सकाळी त्यानं ते पुन्हा टीपॉयवर ठेवले होते. महानंदा अण्णांकडं बघत राहिली होती आणि अण्णा चहा पीत राहिले होते.

उपनिबंधक मध्यमवयीन होते. त्यांनी फाइल चाळली.

"अर्जासोबत कागदपत्रं पूर्ण दिसतात. सामनेवाले हजर आहेत?"

"आहेत साहेब."

"शिवलिंग सिद्रामअप्पा हालकुडे. तुमचं काय म्हणणं आहे? जमीन संस्थेच्या नावे करायला हरकत आहे का?"

शिवलिंगअण्णा उभे राहिले. ते आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नव्हते. आपल्या कृषी अवजारांच्या दुकानातसुद्धा भाव सांगायचं काम नोकराकडं असे. टेबलावरच्या काचेखाली कुठल्याशा देवाचा फोटो होता, त्याच्याकडं बघत ते म्हणाले,

"हरकत न्हाई."

मन्मथनं डोळे मिटले. महानंदाचा हात त्याच्या मनगटावर गेला.

"खांब वाईट झालेत," अण्णा पुढं म्हणाले. "माझ्या वडलांनी लोकांना सांगितलं होतं, पडलं तर आधी मी पडंन. ते सांगून मोकळे झाले. लोक तिथंच हायेत. जमीन लोकांची हाय. आमी आधीच द्यायला पायजे होती."

"ठीक आहे. म्हणजे हरकत नाही." साहेबांनी टंकलेखकाकडं पाहिलं.

"साहेब, आनखी एक हाय."

"बोला."

"नकाशात ईशान्येला मोकळी जागा लिवलीय. ती मोकळी न्हाई. तिथं माझी आई हाय."

साहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी नकाशा उलगडला, बोटानं कोपरा शोधला आणि विचारलं, "समाधी?"

"हाव. लिंगायत रीतीनं बसवलीय. आमी कागदावर लिवली न्हाई. लिवलं म्हंजे विकलं असं वडलांना वाटायचं. मलाबी वाटायचं. आज तुमच्या कागदावर लिवून घ्या."

"म्हणजे तुम्हाला ती जागा वगळून हवी आहे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. वगळू नका. तिथून बंबाचा रस्ता जातोय. त्याबिगर परवानगी मिळत न्हाई मनतात. जाऊ द्या रस्ता. फकस्त लिवा की तिथं ती हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"अण्णा, मला जमिनीच्या मालकीचा किंवा वापराचा निर्णय इथं देता येत नाही. मी हे नोंदवलं तरी आदेशावर त्याचा परिणाम होणार नाही."

"परिणामासाठी सांगत न्हाई, साहेब."

संस्थेचे वकील उठले. "साहेब, माझी नम्र हरकत आहे. सामनेवाल्यांची संमती आली, विषय संपला. समाधीचा मजकूर रोजनाम्यात आला तर उद्या परवानगीच्या वेळी कुणीही त्याची नक्कल काढून तक्रार करू शकतो. सोळा कुटुंबांचा पुनर्विकास त्यात अडकेल. अर्जदार संस्थेचा या नोंदीला विरोध आहे."

ते बरोबर बोलत होते. ऋतुजाला ते कळत होतं. शेजारी सुकन्याताईंनाही कळत होतं. सुकन्याताईंनी ऋतुजाकडं पाहिलं, ऋतुजानं त्यांच्याकडं. सुकन्याताईंनी गुडघ्यावरचा हात उचलून सावकाश परत ठेवला आणि मान होकारार्थी हलवली. ती इतकी थोडी हलली, की वकिलांना दिसलीही नाही.

ऋतुजा उभी राहिली. तिनं पदर सारखा केला.

"साहेब, मी संस्थेची सचिव. संस्थेचा विरोध नाही. नोंद घ्यावी."

"मॅडम!" वकील पुटपुटले. "तुम्हाला कल्पना आहे का..."

"आहे."

"सचिवबाई," साहेब म्हणाले, "तुमचे वकील म्हणतात त्यात तथ्य आहे. पुढं अडचण येऊ शकते. समजून बोलताय ना?"

"समजून बोलतेय. अडचण आली तर आम्ही सोसू. अध्यक्ष इथंच आहेत."

"हो," सुकन्याताई म्हणाल्या.

शिवलिंगअण्णांनी सुनेकडं पाहिलं. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी तिच्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं. ती बसेपर्यंत ते स्वतः बसले नाहीत.

"महानंदाबाई, तुमचं?"

"अण्णा बोलला तेच माझं."

"मन्मथ सिद्रामअप्पा हालकुडे? तुमच्या हातात लेखी म्हणणं दिसतंय. दाखल करायचंय?"

मन्मथ उठला. कागद त्याच्या हातात होते. त्यानं एकदा ते पाहिले. रस्ता जाणारच होता, हे आता उघड झालं होतं. या कागदांनी तो काही वर्षं थांबला असता. त्यात लिहिलं होतं, जमिनीच्या मालकीबद्दल वाद, समाधीची जागा, सबब अर्ज फेटाळावा. वकिलानं आईचं नाव त्यातही घातलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं. रीतच तशी होती.

"न्हाई," तो म्हणाला. "दाखल करत न्हाई. ते लिवून घ्या, अण्णा बोलले ते."

साहेबांनी सांगायला सुरुवात केली आणि टंकलेखकाच्या बोटांनी वेग घेतला. "सामनेवाले यांनी संमती दर्शविली. तसेच असे नमूद केले की, भूखंडाच्या ईशान्य कोपऱ्यात, जी जागा नकाशात मोकळी दर्शविली आहे, तेथे त्यांच्या मातोश्री..." ते थांबले. "पूर्ण नाव?"

महानंदाचं तोंड उघडलं होतं. पण तिनं ते मिटलं आणि मन्मथकडं पाहिलं. अण्णाही त्याच्याकडंच बघत होते.

"पार्वतम्मा," मन्मथ म्हणाला. मग त्यानं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "पार्वतम्मा सिद्रामअप्पा हालकुडे."

"...यांची समाधी आहे. मृत्यूसमयी वय?"

हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं अण्णांकडं वळून पाहिलं.

"एकतीस," अण्णा म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. पिकल्या केसांची ती तीन माणसं टेबलासमोर ओळीनं उभी होती. टंकलेखकाकडं वळून साहेबांनी आकडा सांगितला, मग अक्षरी सांगितला, आणि पुढचं वाक्य सांगायला जरा वेळ लावला.